घोडशीर, सुई आणि सबुरी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लेखी मसुदा)



व्याख्यानाचं निमंत्रण द्यायला कार्यकर्ते आले तेव्हा विषय त्यांनीच सुचवला. "टाचेच्या मागं दुखतं, त्यावर अॅक्युपंक्चर करावं का, एवढंच सांगा," असं ते म्हणाले. विषय लहान वाटतो, पण वडोद्यात तो लहान नाही. इथं गणपती गेले की पंधरा-वीस दिवसांत नवरात्र येतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल बांधून सहा-सहा तास चाललेली तीच पोरं पुढं नऊ रात्री गरबा खेळतात, तीही अनवाणी आणि डांबरी रस्त्यावर. कमाटीबागेत रोज फिरायला येणारे साठी-सत्तरीचे काका वेगळेच. त्यामुळे भाद्रपद ते कार्तिक हा आमच्याकडे टाचांचा हंगाम असतो.

आम्ही दोघे एकत्र काम करतो. एक जण फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामावर भर देणारा. दुसरा डॉक्टर, सुया लावणारा. त्यामुळे आज जे सांगणार आहोत त्यावर आमच्यातच बराच वाद होऊन गेलेला आहे. जिथं आमचं एकमत आहे ते ठामपणे सांगू, जिथं नाही तिथं तसं सांगू.

आधी ही दोरी कुठली ते पाहू. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येताना एकत्र होतात आणि जाड, चिवट पट्ट्यासारखे टाचेच्या हाडाला जाऊन चिकटतात. चिमटीत धरता येते ती हीच दोरी. इंग्रजी वैद्यकात तिला अकिलीस टेंडन म्हणतात. मराठीत तिला आपलं स्वतःचं नाव आहे, घोडशीर. हा शब्द आता घरात ऐकू येत नाही, पण तो अतिशय नेमका आहे. शरीरातली ही सर्वांत जाड आणि सर्वांत बळकट कंडरा. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. पळताना हिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. साठ किलोचा माणूस पळतो तेव्हा प्रत्येक पावलाला चारशे किलोच्या आसपास भार ही दोरी झेलते.

अकिलीस हा ग्रीक वीर. त्याच्या आईनं, थेटिसनं, त्याला स्टिक्स नदीत बुडवलं आणि त्याचं अंग अभेद्य केलं. पण टाच धरून बुडवल्यामुळे टाच तेवढी कोरडी राहिली आणि तिथंच पुढं बाण लागला. १६९३ साली फिलिप फेरहायेन या शरीरशास्त्रज्ञानं आपल्या ग्रंथात या कंडरेला अकिलीसचं नाव दिलं. आपल्याला यासाठी ग्रीसला जायची गरज नाही. सोमनाथाला गेलात की वाटेत भालका तीर्थ लागतं. जरा नावाच्या व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पायाला लागला ती जागा म्हणून आपण तिथं हात जोडतो. मोठमोठी युद्धं जिंकलेल्या माणसाचा शेवट पावलापाशी व्हावा, ही कल्पना दोन्ही देशांना सुचली. पायाची किंमत जुन्या लोकांना कळलेली होती.

आता मुद्द्याकडे येऊ. "टाचेच्या मागं दुखतं" या एका वाक्यात दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

पहिला आजार झिजेचा. दोरीवर महिनोन्‌महिने झेपेल त्याहून जास्त भार पडतो, आतले तंतू विस्कटतात, दोरी जाड होते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं लंगडत टाकावी लागतात, मग थोडं मोकळं होतं, आणि जास्त चाललं की संध्याकाळी पुन्हा ठणकतं. हा हळूहळू येतो आणि हळूहळूच जातो. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरचा भाग याचा आवडता. तिथं रक्तपुरवठा तुलनेनं कमी असतो.

दुसरा आजार तुटण्याचा. हा क्षणात होतो. उडी मारताना, एकदम धावायला सुरुवात करताना किंवा पायरी चुकल्यावर. मागून कुणी काठी मारली की काय असं वाटतं. बरेच जण खरोखर मागं वळून बघतात, मागं कुणीच नसतं. काहींना फटाक्यासारखा आवाजही ऐकू येतो. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, घात म्हणजे, थोड्या वेळानं वेदना बरीच कमी होते. माणूस लंगडत का होईना चालू शकतो. म्हणून "मुरगळला असेल" असं म्हणून हळद-चुन्याचा लेप लावून तो गप्प बसतो.

ढोलपथकातल्या एका मुलाचं असंच झालं. वय तिशीच्या आतलं. मिरवणुकीत नाचताना मागून लाथ बसल्यासारखं वाटलं. घरी मालिश झालं, मग एकांकडे सुया लावून घेतल्या, एक-दोन नव्हे तर सलग पाच आठवडे. सुयांनी दुखणं कमी झालं, त्यामुळे उपाय लागू पडतोय असं सगळ्यांना वाटलं. पण त्याला त्या पायाच्या एकाच चवड्यावर उभं राहता येईना. आमच्याकडे आला तेव्हा दोरी तुटलेली होती आणि दोन टोकांमध्ये अंतर पडलेलं होतं. ताज्या इजेत जे काम सोपं असतं, ते पाच आठवड्यांनी अवघड होतं. शस्त्रक्रिया मोठी करावी लागली आणि पायात पूर्वीचा जोर यायला वर्षाहून जास्त काळ गेला. सुई लावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्यानं पोटरी दाबून पाहिली नाही, एवढंच.

पोटरी दाबून पाहणं म्हणजे काय, ते सगळ्यांनी शिकून घ्या, कारण त्याला यंत्र लागत नाही. माणसाला पालथं झोपवा, पावलं पलंगाच्या बाहेर लोंबू द्या. पोटरीचा मधला भाग हातानं दाबा. दोरी शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली, बोटांच्या दिशेनं हलतं. दुसऱ्या पायाशी तुलना करा. पाऊल हललं नाही तर दोरी तुटल्याची दाट शंका घ्यायची आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. हललं तरी वर सांगितलेली लक्षणं असतील तर डॉक्टरांना दाखवायचंच, कारण घरची चाचणी ही शंका घेण्यासाठी आहे, शंका फेडण्यासाठी नाही.

तुटलेल्या दोरीला सुई जोडू शकत नाही. यावर आम्हा दोघांचं शंभर टक्के एकमत आहे. इथं दोनच मार्ग आहेत. शस्त्रक्रिया, किंवा पाऊल खाली झुकवून ठेवणारं प्लास्टर अथवा बूट आणि त्यानंतर शिस्तीत व्यायाम. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असंही नाही. नॉर्वेत पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले जवळपास सारखेच बरे झाले होते. फरक होता तो पुन्हा तुटण्यात: शस्त्रक्रिया न केलेल्यांत शंभरात सहा, केलेल्यांत शंभरात एकाहून कमी. उलट शस्त्रक्रियेत जखमेचे आणि मज्जातंतूचे धोके असतात. कुणाला काय योग्य ते वय, कामधंदा आणि इतर आजार पाहून ठरतं. पण दोन्ही मार्गांना एक अट आहे, लवकर या.

आता सुयांकडे वळू. ही विद्या चीनची. 'ह्वांगदी नेइजिंग' हा त्यांचा प्राचीन वैद्यकग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचा मानतात. ती भारतात कशी आली, याची कथा मराठी माणसाला माहीत असायला हवी. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथंच राहिले, रणांगणालगत शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर काढलेला चित्रपट इथल्या ज्येष्ठांनी पाहिला असेल. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू मात्र परत आले. पुढं १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. आज भारतात ही पद्धत आहे, तिचा एक मोठा धागा त्या पथकापर्यंत जातो. महाराष्ट्रानं तर २०१५ साली अॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला.

घोडशिरेसाठी सुया कुठं लावतात? घोट्याचं बाहेरचं हाड आणि घोडशीर यांच्यामध्ये एक खळगा आहे, त्या बिंदूला चिनी लोक कुनलुन म्हणतात. आतल्या बाजूच्या तशाच खळग्यात ताईशी. पोटरीचा फुगवटा जिथं संपतो तिथं चेंगशान. याखेरीज दुखऱ्या जागेच्या आजूबाजूला दोन-चार. सुई केसासारखी बारीक असते, इंजेक्शनच्या सुईशी तिची तुलना करू नका. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत जडपणा किंवा हलका ठणका जाणवतो. वीस-तीस मिनिटं ठेवतात. आठवड्यातून एक-दोनदा, असे सहा ते दहा वेळा.

याचा उपयोग होतो का? इथं आमचा वाद सुरू होतो.

सुईवाल्याचं म्हणणं असं. जपानमध्ये कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या घोडशिरेतला रक्तप्रवाह मोजला. सुई लावल्यावर तिथलं रक्त आणि प्राणवायू वाढला आणि सुई काढल्यावरही काही वेळ वाढलेलाच राहिला. नुसत्या शेकानं तसं टिकलं नाही. रक्त कमी पोचणाऱ्या जागेसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. शिवाय २०१३ साली चीनमध्ये जुनाट दुखण्याच्या ६४ रुग्णांचे दोन गट केले गेले. एकाला आठ आठवडे सुया, दुसऱ्याला व्यायाम. वेदना आणि हालचाल यांत सुयांचा गट पुढं राहिला.

व्यायामवाल्याचं उत्तर असं. निरोगी दोरीत रक्त वाढलं म्हणून आजारी दोरी बरी झाली असं होत नाही. ६४ ही संख्या लहान आहे. आणि सुई लागतेय हे रुग्णाला माहीत असतं. माणूस शांत झोपलाय, कुणीतरी अर्धा तास त्याच्याकडे लक्ष देतंय, त्यानंही दुखणं कमी वाटतं. म्हणूनच १९९८ मध्ये जर्मनीतल्या श्ट्राइटबर्गर यांनी एक खोटी सुई तयार केली. ती टोचल्यासारखी वाटते पण कातडीत शिरत नाही, नाटकातल्या सुऱ्यासारखी मागं सरकते. अशा सुईशी तुलना केलेले मोठे, नीट अभ्यास घोडशिरेबाबत व्हायला हवेत.

आमची तडजोड कुठं झाली ते सांगतो. झिजेच्या आजारात सुई वेदना कमी करू शकते. काहींना बऱ्यापैकी, काहींना थोडी, काहींना अजिबात नाही. पण दोरीला पुन्हा भार सोसायला शिकवतो तो व्यायामच. त्यामुळे सुई ही आमच्याकडे पाहुणी आहे, घरचं माणूस व्यायाम. वेदना इतकी असेल की व्यायामच करवत नाही, तर आम्ही सुया लावतो आणि मिळालेल्या आरामात व्यायाम सुरू करून देतो. चार-पाच वेळा लावून काहीच फरक नसेल तर थांबतो. "अजून दहा घ्या, लागू पडेल," असं म्हणत नाही.

तो व्यायाम कोणता? १९९८ मध्येच स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी तो मांडला. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं, कठडा धरायचा. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या. मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, असे तीन फेरे. गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीन फेरे. दिवसातून दोनदा, रोज, बारा आठवडे. हिशेब केलात तर दिवसाला १८० वेळा. सोपं झालं की पाठीवर पिशवीत वजन घ्यायचं. त्यांनी हा व्यायाम दिलेले पंधराही जण पुन्हा पळू लागले. नंतरच्या संशोधनात आठवड्यातून तीनदा जड वजनानं सावकाश केलेला व्यायामही तितकाच उपयोगी ठरला, त्यामुळे १८० या आकड्याची धास्ती घेऊ नका. दुखणं अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर मात्र टाच पायरीखाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं.

व्यायाम करताना थोडं दुखणार. दहापैकी चार-पाचपर्यंत चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसावं. वाढलं तर भार कमी करा, बंद करू नका. आपल्याकडे पूर्ण विश्रांतीला औषध समजतात. घोडशिरेला महिनाभर पूर्ण विश्रांती दिलीत तर ती आणखी नाजूक होते. ज्या गावात जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखी तालीम आहे, तिथल्या लोकांना हे जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

सुयांच्या देशातलंच एक उदाहरण देतो. लिऊ शियांग हा चीनचा अडथळा शर्यतपटू. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, २००६ मध्ये विश्वविक्रम. २००८ मध्ये बीजिंगला, स्वतःच्या देशात, सगळं मैदान त्याच्यासाठी भरलेलं, आणि घोडशिरेच्या दुखण्यानं तो पहिल्याच फेरीतून न धावता परतला. २०१२ ला लंडनमध्ये पहिल्याच अडथळ्याला पाय लागून पडला. दोरी तुटली होती. एका पायावर लंगडी घालत तो शेवटच्या अडथळ्यापर्यंत गेला आणि त्यानं त्याचं चुंबन घेतलं. सुया, मालिश, चीनचे उत्तमोत्तम वैद्य, त्याला काय कमी होतं? तरी दोरी तुटल्यावर त्याच्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रियाच झाली. सुईची मर्यादा चिनी माणसाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता सावधगिरीच्या काही गोष्टी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं आपल्याकडे पोट बिघडलं, लघवीला जळजळ झाली की सर्रास घेतली जातात, कधी कधी चिठ्ठीशिवायही. यांनी घोडशीर दुखू शकते, तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ साली यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीपुढचे लोक आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेले लोक यांना धोका जास्त. हे औषध चालू असताना टाचेमागं दुखू लागलं तर चालणं-पळणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. तसंच या दोरीत स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचा आग्रह धरू नका. आठ दिवस बरं वाटेल, पण दोरी कमकुवत होऊ शकते.

सुया लावून घेणार असाल तर चार गोष्टी आधी सांगा: मधुमेह, रक्त पातळ करणारं औषध, गर्भारपण आणि हृदयाचा पेसमेकर. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पावलावर सुई लावण्याआधी दहादा विचार हवा, कारण तिथली छोटी जखमही चिघळते. कुनलुन हा बिंदू गर्भारपणात टाळतात. सुया आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून काढल्या जातात ना आणि एकदा वापरून टाकून देतात ना, हे बघा. लावणाऱ्याचं शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. आणि तपासल्याशिवाय थेट सुई लावायला घेणाऱ्याकडून उठून या.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात, "नवरात्रीपर्यंत बरं होईल का?" खरं उत्तर असं आहे, की झिजेला बारा आठवडे लागतात, कधी सहा महिनेही. विसर्जन आणि घटस्थापना यांच्या मधल्या दिवसांत ते होत नाही. सुई लावून वेदना दाबायची आणि नऊ रात्री खेळायचं, ही मागणी आम्ही नाकारतो. वेदना ही दोरीची राखणदार आहे. तिला झोपवून दोरीवर चारशे किलो टाकायचे, तर पहाटे दोन वाजता मैदानात तो काठीचा फटका बसायची वेळ येते. ज्यांना दुखत नाही त्यांनी आजपासून रोज टाचा उचलण्याचे तीन फेरे सुरू करा आणि पहिल्या रात्रीच चार तास खेळू नका, दर रात्री थोडं वाढवा. ज्यांना दुखतंय त्यांनी यंदा बाहेरच्या कड्यात टाळ्या द्याव्यात. पुढच्या वर्षी आत खेळता येईल.

व्याख्यानानंतर ज्यांना पोटरी दाबण्याची चाचणी प्रत्यक्ष बघायची असेल त्यांच्यासाठी आम्ही सभागृहाच्या डाव्या बाजूला सतरंजी टाकून बसतोय. ढोलपथकाच्या मुलांनी आधी यावं, कारण मिरवणुकीत पहिल्यांदा तुम्हीच शेजारी असता. पाच मिनिटांत शिकून होईल.

गणपती बाप्पा मोरया!